आद्य ओळींची सूची : काव्यग्रंथालयातील प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

ग्रंथालयाच्या तालिकेत प्रत्येक पुस्तकाची नोंद आहे, पण एकाही कवितेची नाही. आणि केवळ काव्याला वाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. कादंबरी हवी असलेला वाचक तिचे किंवा लेखकाचे नाव सांगतो. कविता हवी असलेला वाचक बहुधा अर्धी ओळ सांगतो, तीही थोडीफार चुकलेली, आणि सोबत ती शाळेत पाठ केली होती की आजीच्या तोंडून ऐकली होती, एवढाच दुवा देतो. अशा वाचकाला आजवर तालिकेने कधीच मदत केलेली नाही. मदत केली ती देवघेव विभागात बसणाऱ्या आमच्या ज्येष्ठ ग्रंथपाल बाईंनी. ग्रंथालयाची खरी सूची त्यांच्या स्मरणात आहे आणि या वर्षअखेरीस त्या निवृत्त होत आहेत. म्हणून संग्रहातील प्रत्येक कवितेची पहिली ओळ, ती कोणत्या पुस्तकात आणि कोणत्या पानावर आहे, याची सूची करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. मी, एक साहाय्यक आणि आठवड्यातून दोन दिवस येणारे तीन स्वयंसेवक एवढे मनुष्यबळ आहे.

९ जानेवारी

कल्पना नवी नाही, याचे समाधान वाटते, कारण चाचपडण्याचा बराच वेळ त्यामुळे वाचतो. एडिथ ग्रेंजर यांनी १९०४ साली शिकागोहून इंग्रजी काव्यसंकलनांची सूची प्रसिद्ध केली. शीर्षक, कवी आणि पहिली ओळ यांपैकी जे आठवत असेल त्यावरून कवितेपर्यंत पोहोचता यावे, अशी तिची मांडणी होती, आणि त्या सूचीच्या सुधारित आवृत्त्या पुढे अनेक दशके निघत राहिल्या. पहिल्या ओळीचे महत्त्व समजून घ्यायचे असेल तर अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी आपल्या बहुतेक कवितांना शीर्षके दिली नाहीत. संपादकांनी त्यांना क्रमांक दिले, आणि १९५५ च्या आवृत्तीतील क्रमांक १९९८ च्या आवृत्तीतील क्रमांकांशी जुळत नाहीत, त्यामुळे आजही त्या कविता पहिल्या ओळीनेच ओळखल्या जातात. आपल्याकडे अभंगांचेही असेच आहे. अभंगाला शीर्षक नसते, आणि एका गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत जुळेल याचा भरवसा नाही.

लंडनच्या राष्ट्रीय काव्यग्रंथालयाने, जे १९५३ साली सुरू झाले, वाचकांच्या हरवलेल्या ओळी जाहीरपणे मांडून इतर वाचकांनाच त्या ओळखण्याचे आवाहन केले होते. ही युक्ती आम्हीही उचलली आहे. देवघेव विभागाशेजारच्या फलकावर आजपासून सापडत नसलेल्या ओळींच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत.

१३ जानेवारी

नोंदीत कोणती क्षेत्रे असावीत यावर आज बराच वेळ चर्चा झाली. कवी, शीर्षक, पहिली ओळ, संग्रह, आवृत्ती आणि पान यांवर वाद नव्हता. वाद झाला तो ‘विषय’ या क्षेत्रावर. साहाय्यकाचे म्हणणे असे की पावसावरच्या, आईवरच्या, मृत्यूवरच्या कविता मागणारे वाचक रोज येतात, तेव्हा विषय नोंदवायलाच हवा. मागणी खरी आहे, हे मान्य. परंतु बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता कोणत्या विषयाखाली घालायची? झरा, गाव, वाट, डोह, झाड हे सारे तिच्यात आहे, आणि शेवटी पाय पाण्यात सोडून बसलेला तो औदुंबर केवळ झाड आहे काय, यावर अभ्यासकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. सूचीकाराने तिच्यावर ‘निसर्ग’ असा शिक्का मारला की वाचकाने कविता उघडण्यापूर्वीच तिचा अर्थ लावून टाकल्यासारखे होते. माझा निर्णय असा की विषय हे क्षेत्र सूचीत असणार नाही. पावसावरच्या कवितांची यादी हवी असेल तर ती ग्रंथपालाने स्वतंत्रपणे, स्वतःच्या जबाबदारीवर करावी, आणि तिच्यावर निवड करणाऱ्याचे नावही असावे.

साहाय्यकाला हे पटलेले नाही. तशी नोंद येथे करून ठेवतो.

१७ जानेवारी

पुस्तके नोंदीसाठी काढताना मांडणीचा प्रश्न पुन्हा समोर आला. पुस्तकांना विषयानुसार अंक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी काव्याचा वर्गांक ८९१.४६१ असा येतो, आणि काव्यग्रंथालयात त्याचा परिणाम असा होतो की कपाटेच्या कपाटे एकाच वर्गांकाची होतात. सर्वसाधारण ग्रंथालयात पुस्तक शोधायला जो अंक उपयोगी पडतो तो येथे केवळ भाषा सांगतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात याला एक देखणा उपाय आहे. तेथे साहित्यिकाच्या जन्मवर्षाला वर्गांकात स्थान मिळते, शतकाला एक अक्षर आणि पुढे दोन अंक. १८९० साली जन्मलेले बालकवी ‘एम ९०’ होतात आणि १९१२ साली जन्मलेले कुसुमाग्रज ‘एन १२’. कपाटासमोरून डावीकडून उजवीकडे चालत गेले की काव्याचा इतिहासच चालून गेल्यासारखे होते, आणि समकालीन कवी एकमेकांच्या शेजारी येतात.

मात्र ही मांडणी वाचकांना समजावून सांगावी लागते, आणि जे समजावून सांगावे लागते ते सार्वजनिक ग्रंथालयात टिकत नाही. मांडणी आहे तशीच, कवीच्या आडनावानुसार, ठेवली आहे. जन्मवर्ष सूचीत नोंदवले आहे. टोपणनावांनी लिहिणाऱ्यांचे आडनाव कोणते धरायचे, हे ठरलेले बरे असते. कृष्णाजी केशव दामले यांना दामले म्हणून शोधणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. केशवसुत ‘के’ खालीच राहतील, आणि ‘दामले’पाशी ‘केशवसुत पाहा’ अशी परस्परनोंद असेल.

२४ जानेवारी

आज दिवसभर पातळ पुस्तिकांचे खोके. कवितासंग्रह हा पुस्तकांमधला सर्वांत अशक्त प्राणी आहे. अठ्ठेचाळीस किंवा चौसष्ट पाने, कागदी वेष्टन, आणि कणा इतका अरुंद की त्यावर नावही छापता येत नाही. कपाटात उभे केले की दोन जाड ग्रंथांच्या मधे असे पुस्तक नाहीसे होते, आणि वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही. त्यापैकी पुष्कळ पुस्तिका शिवलेल्या नसून मधोमध दोन पिना मारलेल्या आहेत. लोखंडी पिन दमट हवेत गंजते, गंज कागदात उतरतो, आणि पिनेभोवतीचा कागद तपकिरी होऊन हात लागताच तुटतो. आज एका पुस्तिकेची मधली चार पाने अशीच सुटून हातात आली. सुदैवाने पानांवर क्रमांक होते.

पिना काढण्याची पद्धत ठरवली आहे. पुस्तिका मधोमध उघडून पिनेची दुमडलेली टोके पातळ पात्याने वर करायची, पुस्तिका उलटून पिन पाठीच्या बाजूने सरळ बाहेर काढायची, आणि जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारायची. चिकटपट्टी वापरायची नाही, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात झिरपतो आणि मग तो काढता येत नाही. प्रत्येक दुरुस्त पुस्तिका आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आणि पाकिटे आडव्या खोक्यात.

ओळी नोंदवण्याचे काम आज झाले नाही.

३० जानेवारी

शुद्धलेखनाचा प्रश्न येणार हे माहीत होते, पण तो इतक्या लवकर येईल असे वाटले नव्हते. बालकवींच्या त्याच कवितेची पहिली ओळ घेतली. ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन’ असे एका पुस्तकात आहे, ‘घेऊन’ असे दुसऱ्यात आहे. पुढच्या ओळीतला झरा कुठे ‘निळासांवळा’ आहे, कुठे ‘निळासावळा’. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे त्याआधी छापलेली आणि त्यानंतर छापलेली तीच कविता यंत्राच्या दृष्टीने दोन निराळ्या कविता होतात. त्यातच वृत्तासाठी कवीने मुद्दाम ऱ्हस्व केलेला ‘घेउन’ एखाद्या सावध मुद्रितशोधकाने दीर्घ करून टाकलेला असतो. ओळ व्याकरणाला शरण जाते आणि चालीतून घसरते.

उपाय असा ठरला. प्रत्येक ओळ दोनदा ठेवायची. एकदा पुस्तकात जशी छापली आहे तशी, काना-मात्रेसह, एकही चिन्ह न बदलता. हे प्रदर्शनाचे क्षेत्र. दुसऱ्यांदा शोधासाठी, सगळे ऱ्हस्व-दीर्घ एक करून आणि अनुस्वार, विरामचिन्हे, मोकळ्या जागा काढून. हे शोधाचे क्षेत्र. वाचकाने टाइप केलेल्या शब्दांवरही हीच प्रक्रिया करायची आणि मग दोन्ही जुळवायचे. अनुस्वार काढल्यामुळे काही वेगळे शब्द एकसारखे दिसतील, हे खरे. पण वाचकापुढे एकाऐवजी तीन ओळी आल्या तर त्याचे काही बिघडत नाही. एकही आली नाही तर बिघडते.

३ फेब्रुवारी

आजची चूक माझी आहे, आणि ती येथे लिहिणे भाग आहे. अनुस्वार काढणारी आज्ञा शोधाच्या क्षेत्राऐवजी प्रदर्शनाच्या क्षेत्रावर चालवली गेली. ‘वंदन’चे ‘वदन’ झाले, ‘मंद’चा ‘मद’ झाला, आणि एका भक्तिकवितेतील कवी देवाला वंदन करण्याऐवजी वदन करू लागला. स्वयंसेवकांना हसू आवरेना. मला मात्र शनिवारची राखीव प्रत सापडेपर्यंत घाम फुटला होता. सोमवारच्या नोंदी पुन्हा कराव्या लागतील. यापुढे प्रदर्शनाचे क्षेत्र कुलूपबंद राहील, आणि रोज संध्याकाळी राखीव प्रत घेतल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही.

५ फेब्रुवारी

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितांपाशी येऊन शोधाच्या क्षेत्राचा दुसरा धडा मिळाला. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी म्हटलेली गाणी घरातल्यांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे ती पुस्तकरूपाने आली. ‘मानसा मानसा, कधी व्हशील मानूस’ ही ओळ एका स्वयंसेवकाने अत्यंत सद्भावनेने ‘माणसा माणसा, कधी होशील माणूस’ अशी नोंदवली होती. बोलीचा ‘न’ ही चूक नाही, ती ओळच तशी आहे. प्रदर्शनात ‘मानूस’च राहील. पण शोधणारा वाचक ‘माणूस’ असेच टाइप करणार, म्हणून शोधाच्या क्षेत्रात ‘न’ आणि ‘ण’ एक केले आहेत, ‘ल’ आणि ‘ळ’ ही एक केले आहेत, आणि जेथे बोलीतला शब्दच वेगळा आहे तेथे प्रमाण रूपाची जादा नोंद हाताने जोडली आहे. ‘व्हशील’पासून ‘होशील’पर्यंत यंत्राला स्वतःहून नेता येत नाही.

१२ फेब्रुवारी

अकारविल्हे. छापील सूचीसाठी ओळी क्रमाने लावून पाहिल्या आणि क्रम चुकला. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’नंतरचा क्रमांक आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘ॲ’ला तर ‘ह’च्याही पुढचा क्रमांक आहे, त्यामुळे त्याने सुरू होणाऱ्या ओळी सूचीच्या तळाशी जाऊन बसल्या. ‘ऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ‘दुसऱ्या’ हा एकच शब्द दोन ठिकाणी गेला होता. क्रमाचा तक्ता स्वतः लिहून दिला आणि सर्व नोंदी एका प्रकारच्या ‘ऱ्या’वर आणल्या. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करावे लागते.

२१ फेब्रुवारी

ज्येष्ठ ग्रंथपाल बाईंना सूची दाखवली आणि त्यांनी एका प्रश्नात तिचा पाया हलवला. ‘आपुलाचि वाद आपणासी’ असे शब्द त्यांनी स्वतः टाइप केले. सूचीने काहीही दाखवले नाही. बाई म्हणाल्या, “हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत असा वाचक माझ्या खिडकीवर आजवर आलेला नाही, आणि तुमच्या यंत्राला मात्र ते माहीत नाहीत.”

त्या शब्दांचा अभंग सूचीत होताच, पण ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या पहिल्या ओळीखाली. बाईंनी टाइप केलेले शब्द त्याच अभंगाच्या शेवटच्या चरणातले आहेत. याचा अर्थ, वाचकाला पहिली ओळ आठवेल हे आमचे गृहीतकच अर्धे खोटे आहे. कवितेची सुरुवात पाठ्यपुस्तकामुळे आठवते; पण जी ओळ आयुष्यात उपयोगी पडली ती आठवते तेव्हा ती कवितेच्या कुठल्याही भागातली असू शकते, आणि बहुधा शेवटची असते. अभंगात आणखी एक गुंता आहे. गाथेत ध्रुवपद बहुधा पहिल्या चरणानंतर छापलेले असते, परंतु गाताना तेच पुन्हा पुन्हा येते, म्हणून ऐकून शिकलेल्याला तेच आरंभ वाटते. या अभंगाचे ध्रुवपद ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ असे आहे.

आजपासून प्रत्येक कवितेच्या तीन ओळी नोंदवायच्या : पहिली, ध्रुवपद असल्यास ते, आणि शेवटची. झालेल्या सर्व नोंदींवरून पुन्हा हात फिरवावा लागेल. तुकोबांच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत, तेव्हा काम किती वाढले याचा हिशेब आज करायचा नाही असे ठरवले. शेवटच्या चरणातील ‘तुका म्हणे’ मात्र शोधातून वगळले आहे, नाहीतर ते दोन शब्द टाइप करणाऱ्यापुढे अख्खी गाथा उभी राहील.

६ मार्च

एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांना शब्द एकही आठवत नव्हता. चाल आठवत होती. त्यांनी ती बोटांनी टेबलावर ठेका धरून गुणगुणून दाखवली. लघु, गुरु, गुरु. लघु, गुरु, गुरु. असे चार वेळा, म्हणजे चार य-गण (तीन अक्षरांचा हा एक गट) आणि बारा अक्षरे. हे भुजंगप्रयात वृत्त. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, म्हणून आधी तेच पुढे ठेवले, पण ते नव्हेत असे ते ठामपणे म्हणाले. आमच्याकडे वृत्ताचे क्षेत्र नसल्यामुळे पुढे काही करता आले नाही. त्यांच्या गुणगुणण्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे, आणि फलकावर शब्दांऐवजी लघु-गुरूंच्या खुणांची चिठ्ठी लावली आहे.

वृत्त हे क्षेत्र वाढवावे असा माझा आग्रह आहे. विषयाप्रमाणे त्यावर मतभेद होत नाहीत. एकोणीस अक्षरांचे शार्दूलविक्रीडित मोजले की झाले, ते कोणाला मान्य असो वा नसो. केशवसुतांची ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुसता’ ही ओळ साहाय्यकाने फळ्यावर लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, मांडून सर्वांकडून मोजून घेतली. दोन स्वयंसेवकांनी जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरु धरायचे हा नियम ‘म्हणूनि’च्या आधीच्या ‘ण’लाही लावला आणि गण बिघडला. ‘म्ह’चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून तो ‘ण’ लघुच राहतो, हे डोळ्यांनी कळत नाही; ओळ मोठ्याने म्हणावी लागते. मुक्तछंदातील कवितांपुढे ‘मुक्तछंद’ असे लिहायचे. क्षेत्र रिकामे ठेवायचे नाही, कारण रिकामे क्षेत्र म्हणजे मोजायचे राहून गेले, असा अर्थ होतो.

१४ मार्च

सूचीसोबत संपूर्ण कविता पडद्यावर दाखवता येतील काय, असे वाचक विचारू लागले आहेत. बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कवीच्या मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षे स्वामित्वहक्क राहतात. भारतीय कायद्यात ही मुदत साठ वर्षांची आहे आणि युरोपीय संघात सत्तर वर्षांची. मुदत पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजतात. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता खुल्या आहेत. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांच्या कविता २०१७ पासून खुल्या झाल्या. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांच्या कवितांसाठी २०५९ संपेपर्यंत थांबावे लागेल. बहिणाबाईंचे उदाहरण निराळे आहे. त्यांचे पुस्तक मरणोत्तर असल्याने मुदत मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून धरावी लागते, आणि १९५२ पासूनची साठ वर्षे २०१२ अखेर संपली.

कवितेच्या बाबतीत ‘थोडा उतारा’ ही सवलत जपून वापरावी लागते. कादंबरीतून एक पान घेतले तर तो उतारा. पण कविता एका पानात संपते, आणि ते पान घेतले तर सर्वस्व घेतले. म्हणून हक्क असलेल्या कवितांच्या फक्त नोंदवलेल्या ओळी, पुस्तकाचा वर्गांक आणि पान दाखवायचे. वाचकाने कपाटापर्यंत चालत जावे. चार ओळींच्या चारोळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न साहाय्यकाने काढला. पहिली आणि शेवटची ओळ दाखवली तर निम्मी कविता दिसते. चारोळ्यांची फक्त पहिली ओळ दाखवायची असे ठरले.

२८ मार्च

ध्वनिफितींचे खोके उघडले. हार्वर्ड विद्यापीठातील वुडबेरी काव्यकक्ष १९३१ साली सुरू झाला आणि कवींचे आवाज जतन करणाऱ्या जुन्या ठिकाणांत त्याची गणना होते; त्यामानाने आमच्या मोजक्या कॅसेटी म्हणजे काहीच नाही. तरीही एका फितीत कवी स्वतःची कविता छापील पाठाहून वेगळी वाचतात. तिसऱ्या कडव्यातला एक शब्द बदलतो, आणि शेवटची ओळ ते दोनदा म्हणतात. दोन्ही पाठ स्वतंत्र नोंदवले आणि परस्परांना जोडले. कोणता खरा, हे ठरवणे सूचीचे काम नाही.

९ एप्रिल

पहिल्या सहा कपाटांची सूची आज वाचकांसाठी खुली केली. संध्याकाळी शोधांची यादी पाहिली. पुष्कळांनी ओळ नव्हे, तर दोनच शब्द टाइप केले होते. काहींनी रोमन लिपीत मराठी लिहिले होते, ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता. एकाने ‘ती झऱ्याची कविता’ असे लिहिले होते. विषयाचे क्षेत्र असते तर सापडली असती, असे साहाय्यक म्हणाला, आणि या एका बाबतीत तो बरोबर होता. माझे मत बदललेले नाही. पण ‘ग्रंथपालाला विचारा’ अशी कळ शोधाच्या चौकटीशेजारी उद्यापासून असेल, आणि बाई असेपर्यंत तो निरोप थेट त्यांच्याकडे जाईल. त्या जे उत्तर देतील ते वाचकाच्या मूळ शब्दांसह सूचीत साठवून ठेवायचे आहे.

१७ एप्रिल

बाईंकडे आठवड्यात गेलेल्या निरोपांपैकी दोन सोडून सर्वांची उत्तरे आली. त्यांनी उत्तरांसोबत पान क्रमांकही स्मरणानेच लिहिले होते. पडताळून पाहिले, एक चुकला होता, कारण तो जुन्या आवृत्तीचा होता आणि ती आवृत्ती आमच्या नोंदीतून सुटली होती. ती सातव्या कपाटात आडवी पडलेली सापडली. तिच्याही पिना गंजल्या आहेत, म्हणून नोंदीआधी शिवणीला दिली. भुजंगप्रयाताची चिठ्ठी अजून फलकावर आहे. तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने तीन शक्यता लिहून ठेवल्या आहेत. सोमवारी त्या गृहस्थांना दूरध्वनी करून तिन्ही वाचून दाखवायच्या आहेत.